रक्तात चाहूल

ताडकळसच्या दवाखान्यात रक्त तपासायला द्यायच्या रांगेत मन्मथअप्पा आन् त्याची बायको महादेवी भांडायलेत म्हणल्यावर, मागं बसलेल्या कडूबाईनं कानावरचा पदर सारला.

“महादेवी, विसरतंय डोकं, मग सुई हाताला कशाला?”

“विसरायच्या रोगाची चाहूल म्हणं रक्तात आधीच लागती. डॉक्टर तेच तपासायलेत.”

“मी कुठं काय विसरलो?”

“परवा मला देवगाव फाट्यावर सोडून एकलेच घरी आलाव!”

“ते विसरून न्हाई केलं.”

“हसू नका. तुमच्या बापानं शेवटी तुमालाबी वळखलं न्हाई. उद्या तुमी मला न्हाई वळखलं तर?”

“तोंडावरून न्हाई, तर शिव्यांवरून वळखीन की.”

“मग रोज देत जाईन. करा बाही वर!”