सव्वातीन प्रकाशवर्षं

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या शिंप्याला दाढेपेक्षा शेजारच्या आजोबांची बडबडच जास्त ठणकत होती.

“अगं, एक पार्सेक म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षं. म्हणजे एकतीस लाख कोटी किलोमीटर!”

“डोंबलाचे किलोमीटर! भिंतीला भिंत लागून घरं, आणि सख्ख्या भावाशी दहा वर्षं अबोला. ते अंतर कशात मोजता?” आजी फणकारल्या.

“त्यानं आधी बोलावं. धाकटा आहे तो.”

समोरच्या बाकावरचा पेपर खाली आला. त्यामागे आजोबांसारखंच टोकदार नाक होतं.

“वहिनी, त्याला सांगा, सव्वातीन नव्हे. तीन पूर्णांक सव्वीस शतांश.”

“एवढ्याशानं काय बिघडतं रे?”

“साडेनऊ हजार कोटी किलोमीटर चुकलास, दादा.”

“अहो, सरका जरा. भाऊजींना इथं बसू द्या.”