नानासाहेबांची सर्व्हिस

…आनि वर म्हनं, एकच तर बॉल मारायचाय! एकच! आवं, त्या एका बॉलापायी महिनाभर अख्खी शाळा येड्यागत पळत हुती, तुमाला सांगतो, आनि मी जरा तोंड उघडलं की मलाच गप करत्यात, 'मामा, तुमी शिपाई, तुमी घंटा मारा, टेनिसातलं तुमाला काय कळतंय?' न्हाई कळत. मान्य! पन त्यो बॉल घाणेरीच्या झुडपात गेला की काढून कोन आनत हुतं? ह्यो गडी! कोपरावर अजून वरखडं हायती… पन माझं ऱ्हाऊ द्या. मी सांगतोय ते आमच्या नईम सरांचं. त्या मानसानं काय काय सोसलं ते एकदा ऐकून घ्या, आनि मग तुमीच सांगा, सर्व्हिस सुधारली पायजे म्हंजे कुनाची सुधारली पायजे हुती!

नईम सर म्हंजे आमच्या हायस्कूलचं खेळाचं मास्तर. आता आमचं गाव विट्याच्या पल्याड, माळावरचं, घरटी एक गडी गलाईच्या धंद्यात, सोनं गाळायला मुलूखभर पांगलेला, कोन मद्रासला, कोन पाटण्याला, आनि आमचा अर्जुना जालंधरला. तिथं म्हनं खेळाच्या सामानाचं कारखानं चिक्कार. शहाण्णव साली अटलांटात आपल्या पोरानं टेनिसात पदक घेतलं आनि तिकडं अर्जुनाला गावाचा उमाळा आला, दिवाळीला दिलं एक खोकं ट्रकात घालून शाळंला धाडून. आमाला वाटलं, बॅटी असतील. उघडतोय तर टेनिसच्या रॅकेटी! हेडमास्तरांनी एक हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, म्हनलं, 'ह्यात पुऱ्या निथळत्यात व्हय?' हसलं सगळं. नईम सर न्हाई हसलं. त्या मानसानं रॅकेट अशी छातीशी धरली, आनि तुमाला सांगतो, तितंच येड लागलं सरांना.

बरं, खेळनार कुठं? आमचं मैदान म्हंजे दगडगोटं आनि गुरांची वाट! त्यात सरांनी दोरी लावली, दगड येचलं, तांबडी माती आनून पसरली, पानी मारलं, रोलर वढला… रमजानात, रोजा धरलेला असताना, घोटभर पानी न पिता वढला ह्यो मानूस रोलर! मी म्हनलं, 'सर, ईद झाल्यावर करा की.' तर म्हनलं, 'मामा, माती आत्ता बसेल, नंतर नाही बसायची.' आनि असं सपाट केलं मैदान, असं सपाट, की वाटी ठिवली तर हलायची न्हाई. हे सपाट तेवढं ध्येनात ठिवा, त्यातच घात झालाय सगळा.

आनि खेळायला आलं कोन? पोरं सगळी क्रिकेटवाली. आली एकटी दीपमाला, राजरत्न कंडक्टरची पोरगी, नववीतली. काटकुळी, दोन येण्या, बटा डोळ्यावर येऊ नयेत म्हनून काळ्या पिना ठासून लावलेल्या. पन सर्व्हिस! काय सांगू तुमाला! डावा हात वर गेला, बॉल सुटला, रॅकेट पाठीमागनं आली कवा आनि गेली कवा… समोरच्या चौकोनात मातीचा फुफाटा उडाला की मग कळायचं, आरं, बॉल गेला की! सर म्हनायचं, 'मामा, हे शिकवून येत नाही.' त्यात म्होरल्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेचं टेनिस आमच्याच शाळंला मिळालं. पोरांत एक बी नाव न्हाई, मुलींत दोनच, एक सांगलीची, एक दीपमाला. जितंल ती कोल्हापूरला जानार, विभागाला. सर रोज मला सांगायचं, 'मामा, ही पोरगी कोल्हापूरला गेलेली बघायचीय मला, बस्स.' बस्स! एवढंच मागनं हुतं त्या मानसाचं. ह्यात काय जास्त मागितलं हो?

पन स्पर्धा म्हंजे उद्घाटन आनि उद्घाटन म्हंजे नानासाहेब! आमच्या संस्थेचं चेअरमन. आनि आपल्याकडं उद्घाटनाला पावना नुसता बसत न्हाई, त्यो खेळतोय! कबड्डी असली की 'कबड्डी कबड्डी' करत रेघंपत्तर जाऊन येतोय, हॉलीबॉल असला की हॉलीबॉल टोलवतोय. आदल्या साली क्रिकेट हुतं. नानासाहेब धोतर खोचून, बॅट घिऊन हुभं, आनि सातवीतल्या एका कार्ट्यानं, अक्कल न्हाई त्याला, सरळ दांडकीच उडीवली! फोटो आला पेपरात. जिल्हा हसला. हेडमास्तर आठवडाभर तोंड लपवून फिरत हुतं.

म्हनून ह्या टायमाला नानासाहेबांनी सरांना आधीच बंगल्यावर बोलावलं. 'मास्तर, टेनिसात पैल्यांदा काय मारत्यात?' 'सर्व्हिस, साहेब.' 'आमची कशी हाय?' आता काय सांगायचं? सुधारायला आधी असाय तर लागती! सर म्हनलं, 'होईल, साहेब.' 'हुईल न्हवं, मास्तर. पेपरवाला येनार हाय. सर्व्हिस सुधारली पायजे!' आनि मागनं हिंदुराव, नानासाहेबांचा उजवा हात, झांज वाजवल्यागत, 'सुधारलीच पायजे!'

दुसऱ्या दिवसापास्नं रोज सकाळी जीप मैदानात. मैदानात म्हंजे सरांच्या मातीवर, चाकासकट! सर म्हनायचं, 'साहेब, डाव्या हाताने बॉल वर सोडायचा, सरळ वर.' नानासाहेब सोडायचं… अक्षता टाकल्यागत! आवं, जल्म गेला मानसाचा लोकांच्या लग्नात, मनगटाला तसा झटकाच बसलाय! बॉल म्होरं जाऊन पडायचा, जनू तितं नवरा-नवरी हुबी हायती. सर म्हनायचं, 'वर, साहेब! आणि नजर बॉलवर.' पन नानासाहेबांची नजर कुठं? कॅमेऱ्याकडं! कॅमेरा न्हवता हो अजून, पन उद्या जितं असंल तिकडं! बरं, जुलमानं वर बघितलं की टोपी पडायची मागं. टोपी पडली की हिंदुराव पळायचा, टोपी झाडायचा, फुंकर मारायचा, डोक्यावर बशीवायचा, तवर बॉल घाणेरीत आनि बॉलामागं मी. टोपी काढून खेळा म्हनायची टाप कुनाची? शेवटाला सर आलं दीपमालाकडं. 'बेटा, तुझ्या पिना दे जरा.' पोरीनं उपसून दिल्या, बटा आल्या डोळ्यावर. आनि तुमाला सांगतो, संस्थेच्या चेअरमनची टोपी राजरत्न कंडक्टरच्या पोरीच्या पिनांवर टिकली!

टोपी टिकली तर बॉल जाळ्यात. हिंदुराव गरजला, 'ह्ये जाळं एवढं वर कुनी बांधलं?' सर म्हनलं, 'नियमाप्रमाणे आहे.' 'नियम गेला उडत! खाली घ्या!' घेतलं खाली. तरी जाळ्यात. सरांच्या तोंडनं सवयीनं गेलं, 'फॉल्ट!' झालं! हिंदुरावानं सरांना कोपऱ्यात घेतलं, 'मास्तर, साहेबांना फॉल्ट म्हनायचं न्हाई.' 'मग काय म्हणू?' '"जरा अजून" म्हना.' महिनाभर सर 'जरा अजून, साहेब, जरा अजून!' सरांच्या मंडळी सलिमाभाभी मला म्हनल्या, 'अजी मामा, ये तो नींद में बी जरा अजून जरा अजून करतेत!' हसू का रडू मी?

आनि पोरगी? तिला कुठली जागा! मुतारीच्या मागल्या भिताडावर बॉल मारत बसायची, नाकाला रुमाल बांधून. एकदा सरांनी जीव मुठीत धरून इचारलं, 'साहेब, दुपारचं तेवढं मैदान मुलीला दिलं तर…' नानासाहेब मानूस वाईट न्हाई हां, लगीच म्हनलं, 'आरं खेळू द्या की लेकराला!' पन हिंदुराव हाय न्हवं जित्ता! 'साहेब, माती उखनंल, उद्या तुमचा पाय घसरला म्हंजे?' झालं. पोरगी भिताडालाच. सरांनी मान खाली घातली. काय करनार? एकीकडं संस्था, एकीकडं भिताड. सर्व्हिस सुधारली पायजे!

आनि स्पर्धेच्या दिवशी… सकाळी घंटा मारायला आलो, बघतोय तर सर मैदानाच्या कडंला हुभं. मैदानात मंडप! जाळ्याच्या हिकडच्या निम्म्या भागात पहारीनं खड्डं पाडून खांब रवलेलं, स्टेज, कनाती, खुर्च्या, लाल गालिचा! सर धावलं मंडपवाल्या बाळासोच्या अंगावर. बाळासो म्हनतोय, 'माझ्यावर का वरडताय सर, मला हिंदुरावांनी दावली जागा. म्हनलं, मैदानात तेवढीच सपाट हाय!'

तेवढीच सपाट हाय! अशी कुनी केली सपाट? रोजं धरून कुनी केली? आनि हिंदुराव येतोय पान चघळत. 'मास्तर, मला येडा समजता व्हय? निम्मं मोकळं ठिवलंय की. साहेब हिकडनं मारनार, बॉल तिकडं पडनार. हिकडं जागा लागती कशाला? बॉल काय परत यायचाय?'

'परत येतो हो!' सर किचाळलं, मी त्या मानसाचा आवाज असा कवाच ऐकला न्हवता, 'टेनिसमध्ये बॉल परत येतो!'

'आज न्हाई यायचा,' म्हनला हिंदुराव. आनि गेला सरळ दीपमालाकडं, 'ए पोरी, तू तिकडल्या बाजूला हुबी ऱ्हायाचं. साहेबांचा बॉल आला की सोडून द्यायचा. मारायचा न्हाई. कळलं? भाषनं झाली की मंडप काढतो, मग खेळा दिसभर.'

आलं सगळं. सांगलीची पोरगी आली, पंच आलं, पेपरवाला आला. नानासाहेब स्टेजवरनं उतरलं, गळ्यात हार, डोक्याला टोपी, टोपीत पिना. हात वर केला… बॉल सरळ वर! नजर बॉलवर! आनि हानला! जाळ्यावरनं गेला, समोरच्या चौकोनात, बरोब्बर कोपऱ्यात, फुफाटा उडाला! खोटं कशाला बोलू, झकास सर्व्हिस हुती! दीपमालाचा हात हलला हुता, मी बघितलं, रॅकेट निम्मी मागं गेली हुती पोरीची… आनि तिनं ती खाली घेतली. बॉल गेला. टाळ्या, शिट्ट्या, फटाकं! आनि सर? सरांच्या डोळ्यात पानी. आता ते आनंदाचं का कशाचं, ते मी इचारलं न्हाई.

मग भाषनं. अध्यक्ष बोललं, उपाध्यक्ष बोललं, बॉलाचा सत्कार तेवढा ऱ्हायला! सांगलीची पोरगी गाडीत झोपली. ऊन उतरलं तवा बाळासोनं खांब उपसलं. खाली ह्ये एवढं खड्डं! सर, मी, दीपमाला, तिघं हातानं माती लोटतोय. पंच आलं, एक पाय टाकला, बूट गेला आत. 'मास्तर, यावर खेळता येणार नाही. यजमानांना मैदान देता आलं नाही, सांगलीच्या मुलीला पुढे चाल.' सर हात जोडतायत, 'साहेब, आत्ता सांगलीला चला, बल्ब लावून खेळू, उद्या पहाटे खेळू…' पंच म्हनलं, 'मला आजच कोल्हापूरला नाव कळवायचंय.' आनि गेली गाडी.

दीपमाला हातात बॉल धरून हुबी. 'सर, म्हंजे मी हरले? एक बी बॉल न मारता?' सर तसंच माती लोटत ऱ्हायलं. मी आपला घंटा मारायला गेलो, शाळा कवाच सुटली हुती तरी.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. नानासाहेब, हात वर. खाली लिवलंय, 'बिनतोड सर्व्हिस! प्रतिस्पर्धी पाहतच राहिली.' त्या फोटूत पार मागं ती प्रतिस्पर्धी, बटा डोळ्यावर. आनि पोरीनं काय करावं? रॅकेट आनून दिली शाळंत. म्हनली, 'सर, ही जमा करून घ्या. आनि साहेबांकडनं माझ्या पिना तेवढ्या मागून द्या, आई वरडतीया.'

सर तसंच उठलं. 'मामा, चला.' गेलो बंगल्यावर. फोटोला फ्रेम केलेली, नानासाहेब सोफ्यावर, टोपीत पिना तशाच. 'या मास्तर, या! ती पोरगी हरली म्हनं? चालायचंच, खेळात हार-जीत असतीच! सराव करून घ्या तिच्याकडनं… जरा अजून!' सरांनी तोंड उघडलं, मला बाजूनं दिसलं. महिनाभर दाबून ठिवलेला त्यो एक शबुद, फॉल्ट! मी म्हनलं, आता मानूस बोलतोय, बोला सर, एकदाच बोला, नोकरी गेली तर गेली! तवर नानासाहेब म्हनलं, 'त्ये जाऊ द्या. आमची सांगा, सुधारली का न्हाई सर्व्हिस?'

सरांनी टोपीकडं बघितलं, फोटूकडं बघितलं. म्हनलं, 'सुधारली, साहेब.'

पिना न मागताच परत आलं सर. वाटंत दुकानातनं नव्या पिना घितल्या पोरीसाठनं. मी लय चिडलो हुतो सरांवर. पन घरी येऊन इचार केला, आनि तुमाला सांगतो, मानूस खोटं काय बोलला हो? अख्ख्या स्पर्धेत आमच्या त्या मैदानावर एकच सर्व्हिस झाली… पन सुधारलेली झाली!