विद्यार्थ्याचं नाव

ऑगस्टची अखेर, त्यामुळे ओहायोतल्या त्या दुकानात वह्या-पेन्सिलींसाठी ही गर्दी. नातवासाठी डिंक घेऊन उभ्या असलेल्या मर्नाबाईंच्या पुढे, इस्पितळाच्या लॉन्ड्रीत काम करणाऱ्या दोघी बोलत होत्या.

“रोसाल्बा, मुलगी एक आणि दप्तरं दोन?”

“सांगते, पण हसायचं नाही, डार्लीन. शाळेच्या पहिल्या दिवशी कामावर उशिरा यायला हॉवर्डसाहेबांनी कागद भरून घेतला ना?”

“देवमाणूस! मुलांना बसमध्ये बसवा, मग या म्हणाले. माझ्या आधीच्या साहेबाने मलाच घरी बसवलं असतं.”

“त्यात ‘विद्यार्थ्याचं नाव’ होतं, तिथे मी माझंच लिहिलं.”

“वेंधळी कुठली!”

“हसलीसच! साहेबांनी बोलावलं. वाटलं, आता बोलणी खायची. तर विचारतात, ‘कितवीत?’ माझ्या तोंडून निघून गेलं, ‘आठवीत सुटली शाळा.’”

“मग?”

“माझं नाव खोडलंच नाही. खाली मुलीचं लिहिलं. म्हणाले, दर मंगळवारी कामावरून चारला निघ, शाळा सुटलेल्या मोठ्या माणसांच्या वर्गाला जा.”

“लेक काय म्हणाली?”

“म्हणाली, ‘आई, वर्गाच्या दारात रडायचं नाही हं.’”

“रडशीलच तू.”

“छे गं. साहेबांच्या खोलीतच रडून घेतलं.”