उत्तमकाकांच्या घरातून मारलेली हाक

अरे, त्या राळेगावच्या उत्तमकाकांचं सांगायचं राहूनच गेलं. प्लॉट उतारावरचा, म्हणून मी त्यांच्या घराचा नकाशा दोन पातळ्यांवर काढला. वर स्वयंपाकघर, सहा पायऱ्या खाली काकांची खोली. खोदायच्या आधी जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं खोल्या आखल्या. काकू वारलेल्या, पोरं पुण्यात. पाहायला काका एकटेच आले.

म्हणाले, "साहेब, वरून मले हाक मारा. खाली आवाज येते का पाहू."

ते खालच्या चौकोनात जाऊन बसले. मी स्वयंपाकघराच्या चौकोनातून ओरडलो, "काका!" उत्तर नाही. चारदा ओरडलो. डिझाइनच चुकलं म्हणत चिडून खाली उतरलो.

"ऐकू नाही आलं?"

"पहिल्याच हाकेले आलं न बाप्पा. घरातून कोणी हाक मारून लई दिवस झाले, म्हणून ऐकून राह्यलो होतो."