यादीतलं सातवं नाव

—नाही, नाही, गिळू नका, ती नळी ओढते सगळं, तुम्ही नुसतं आ करून पडून राहा. दुखलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबतो. इंजेक्शन चढतंय आता, पाच मिनिटांत स्वतःचा ओठ परक्याचा वाटायला लागेल. हां, तर यादी. ती तुमच्या छातीवर ठेवलीय ती— राहू द्या हो, कागदच आहे, माझे दोन्ही हात अडकलेत, तिथे असली की मला मान खाली घालून वाचता येते. तेरा नावं आहेत. फॉर्मात सहाच कॉलेजं भरता येतात आणि फॉर्म आज पाचला बंद. आत्ता किती वाजले— तुम्हाला दिसत नाही, मला दिसतंय, चारला दहा कमी आहेत. साडेचारला लेकीचा फोन येईल, तिला मी सहा नावं सांगायची, ती घरी कॉम्प्युटर उघडून बसलीय. म्हणाली, बाबा, मला सगळीच बरी वाटतात, तुम्हीच खोडा. रविवारी दिली यादी. आज शुक्रवार. आता बोला!— म्हणजे बोलू नका.

तुम्ही आमच्या गावात पाहुणे, उद्या जाणार, दाढ नेमकी इथे येऊन ठणकायला लागली, म्हणून तुम्हाला सांगतो. रोजच्या पेशंटला सांगितलं की संध्याकाळपर्यंत भाजीवाला मला सल्ला देतो. खारू म्हणतो आम्ही तिला— आम्ही म्हणजे मी. पुढचे दोन दात आले तेव्हापासून. तिला खडक-मातीचं शिकायचंय, भूगर्भशास्त्र. मी म्हटलं, वा, बाप दातांना भोकं पाडतो, लेक पृथ्वीला पाडणार, धंदा घरातच राहिला. हसली नाही. तिला माझे विनोद पाठ आहेत, बिचारी.

जरा मोठं उघडा— हां. मी काही डोळे मिटून खोडत नाही हं. एकेका नावामागे हात धुऊन लागलो. दुसरं नाव खोडलं पाण्यामुळे. खरंच सांगतो, त्या भागातल्या पाण्यानं दात पिवळे पडतात, माझ्याकडे येतात ना तिकडचे लोक. चार वर्षं पोरगी ते पाणी पिणार आणि मी इथे बसून काय करू? पाचव्याच्या प्राचार्यांचा फोटो पाहिला, हसताहेत चांगले तोंडभर, आणि पुढचा दात तुटलेला! ज्याचं स्वतःच्या दाताकडे लक्ष नाही तो पोरांकडे काय डोंबल लक्ष देणार? खोडलं. आठव्याच्या वसतिगृहाला फोन केला, तर त्या बाई काहीतरी चावत चावत बोलल्या माझ्याशी. खोडलं. दहाव्याच्या जाहिरातीत इमारतीच इमारती, माणूस म्हणून एक नाही. ते खोडलं. अकरावं, तेरावं अशीच गेली. झाली की नाही सहा? आणि सातवं कुठलं खोडलं विचाराल तर— सातवंच. सातव्या नंबरचं.

दुखतंय? नाही? मग हात का वर— हां, नाक. खाजवा, खाजवा.

सातवं का खोडलं? लांब आहे म्हणून. तिथे जायला दोन गाड्या बदलाव्या लागतात, दिवस मोडतो. आता तुमची नजर पडली असेल कागदावर, तर तुम्ही म्हणाल, तिसरं त्याहून लांब आहे, ते कसं ठेवलंत? आहे खरं लांब. पण त्याला गाडी थेट आहे. आणि— आता तुम्ही असे छताकडे बघू नका हो, मी काही खोटं बोलत नाही, थेट गाडी आहे त्याला. सातव्याचं सगळं पाहिलं मी. शिकवणारे पाहिले, प्रयोगशाळा पाहिली, मुलांना महिना-महिना डोंगरात नेतात, वसतिगृहाच्या बाईंशी बोललो, त्या इतक्या नीट बोलल्या की मलाच राग आला. दात काढायला जावं आणि एकही किडलेला सापडू नये, तसं झालं.

थांबा, यंत्र बंद करतो. हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

त्या गावात खारूची आई असते. आम्ही दोघंही दातांचेच डॉक्टर, याच खोलीत दोन खुर्च्या होत्या. ती बघा— मान नका वळवू, उठताना बघा— खिडकीखाली जमिनीत चार भोकं आहेत, तिची खुर्ची तिथे होती. जाताना घेऊन गेली, तिचीच होती, तिच्या वडिलांनी घेऊन दिलेली. भोकं बुजवायला गवंडी बोलवायचा राहून गेला. आठ वर्षं राहून गेलाय. दुसऱ्यांची भोकं बुजवण्यात आयुष्य चाललंय आणि— जाऊ द्या. खारू तेव्हा नऊ वर्षांची, शाळा इथली, म्हणून ती माझ्याकडे राहिली. सुट्टीत पंधरा दिवस जाते तिकडे. परत येते, पिशवी ठेवते, हात-पाय धुते, आणि बाबा, तुम्ही जेवलात का, विचारते. तिकडचा एक शब्द नाही. मीही विचारत नाही. खोटं कशाला बोलू, ती दारात आली की मीच सुरू होतो— या पंधरा दिवसांत कोणाची अक्कलदाढ निघाली, कोण खुर्चीतून पळून गेलं— बोलत सुटतो, बोलत सुटतो, म्हणजे तिला काही सांगायला फटच राहू नये.

तिची आई गेली तेव्हा भांडणबिंडण काही नव्हतं हो. तुम्हाला वाटेल काय मोठं कारण असेल. सामान बांधून झाल्यावर मी विचारलं, माझं चुकलं काय ते तरी सांग. तर म्हणाली, तू माणसाला तोंड उघडायला लावतोस, आणि बोलू मात्र देत नाहीस. एवढंच. मला वाटलं विनोद केला. मी हसलोसुद्धा. आता सांगा, त्या वेळी हसणाऱ्या माणसाला काय म्हणावं?

भरतो आता दाढ. निळा दिवा लावतोय, डोळे मिटा.

तुम्हाला एक गंमत सांगू? खारू लहानपणापासून यादी करते. घरात आम्ही दोघंच, बाजाराची यादी तिच्याकडे. पहिलं नाव नेहमी माझं— म्हणजे माझी दाढीची पाती, माझी चहापत्ती. मग साबण, काडेपेटी, बटाटे. आणि मधोमध, बटाटे आणि फिनेलच्या अधेमध्ये कुठेतरी, बारीक अक्षरात, रंगपेटी. कधी चित्रांचं पुस्तक. एकदा भिंग. मागितलं कधी नाही, हट्ट तर नाहीच. यादीत मधोमध लिहून ठेवायचं, बाबांच्या नजरेला पडलं तर पडलं. दुकानदारसुद्धा ओळखून होता. यादी घडी घालून मधली ओळ बघायचा आणि म्हणायचा, आज पोरीला हे हवंय वाटतं.

डोळे उघडा. तेराच्या मधलं कुठलं हो? वर सहा, खाली सहा.

मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. रविवारी कागद हातात आला तेव्हाच आधी मधली ओळ बघितली. आणि पहिलं नाव बघा, आपल्या गावचं कॉलेज, जिथे धड तो विषयसुद्धा नाही, दुसरा घ्यावा लागेल. ते माझ्यासाठी लिहिलंय. माझी दाढीची पाती. सगळं कळत होतं, आणि तरी सोमवारी पेन घेऊन आधी सातवं खोडलं. पाणी, तुटका दात, त्या चावणाऱ्या बाई, हे सगळं मंगळवारपासूनचं. आणखी सहा खोडायचीच होती, पण उगाच खोडली असती तर सातव्याचं ती काय समजली असती? म्हणून बाकीची खोडायला कारणं शोधत बसलो. पाहुणे, मी हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, आत्ताही सांगायचं नव्हतं.

ही कागदाची पट्टी चावा. टक टक. परत. उंच लागतंय? नाही ना, छान बसली. दाढ चांगली आहे तुमची, वीस वर्षं कुठे जात नाही— फोन. थांबा, हातमोजा काढतो.

हां, खारू. हो, झाली, काढून ठेवलीत सहा. लिहून घे. पहिलं तर आपलंच. मग तिसरं, चौथं, सहावं, नववं, बारावं. ... हो, झाली सहा. ... नाही, सातवं नाही घेतलं. लांब पडतं ना ते. ... हां. ... हो, जेवायला येतो, कुठे जाणार! बरं. बरं, ठेव.

चालेल म्हणाली.

ऐकलंत? चालेल, बाबा. तिसरं त्याहून लांब आहे, हे तिला ठाऊक नसेल? नकाशे पाठ आहेत पोरीला. मग ते कसं ठेवलंत, एका शब्दानं विचारलं नाही. वर म्हणते, जेवायला वेळेवर या, वरण गरम करून ठेवते. अहो, भांडायचं ना! माझ्याशी दोन शब्द भांडली असती, आईचं नाव काढलं असतं, तर मी— मी तरी काय, तिला बोलू थोडंच दिलं असतं. पहिलं नाव आपल्याच गावचं, तेच मिळणार. उद्या इथे शिकायला राहील, रोज संध्याकाळी ताट वाढेल, मी बडबडत जेवेन आणि ती ऐकून घेईल. चार वर्षं. आणि मला वाटत राहील, लेक माझ्याजवळ आहे.

भरा चूळ. सावकाश, ओठ बधिर आहे, पाणी बाहेर सांडेल. सांडू द्या. झालं, बोला आता, मोकळं झालं तोंड. पाऊण तास माझं ऐकलंत, तुम्हाला काय वाटतं? ... नाही? ओठ हलत नाही म्हणता? बरं, नका बोलू. तुम्ही असं बघताय तेवढं पुरे आहे.

साडेचार झालेत. पाचला अर्धा तास आहे.

उठा, पाहुणे, निघा. बधिरपणा जाईपर्यंत काही खाऊ नका, गाल चावला जाईल आणि कळणारही नाही. पैशाचं नंतर बघू, कोणाच्या तरी हाती पाठवा, नाही पाठवलेत तरी चालेल. तो कागद द्या इकडे. मला फोन करायचाय— नाही, आत्ताच, घरी गेल्यावर माझ्याच्यानं होणार नाही, ताटावर बसलो की मी परत सुरू होईन. दार तेवढं ओढून घ्या.

हॅलो, खारू? भरलास का फॉर्म? ... पाठवू नकोस अजून. पहिलं काढून टाक. आपल्या गावचं, हो. ... कारण काही नाही. तिथे सातवं घाल. ... असं कसं चालेल, खारू? चालेल नको म्हणू. तुला काय हवंय ते सांग. तिकडचं सगळं सांग, आईचं पण. ... नाही, कोणी नाही इथे, पेशंट गेला. बोल तू. मी मधे बोलत नाही.

... हं.

... हं.