पीपी नंबर

— नाही गं, नाही आलेला फोन. आला की गॅलरीतून हाक मारते म्हटलं ना? मग रोज दुपारी हा फेरा कशाला? बस हवं तर. तिथं नको, फोनपाशी मला इस्त्रीचे कपडे ठेवायचेत, इकडे दारापाशी स्टूल आहे त्यावर बस. चहा विचारत नाही, दूध संपलंय. म्हणजे आहे, पण ते सुधीरला चार वाजता लागतं. आणि हळू बोल, तो आत झोपलाय.

एक सांगू का हेमा, राग मानू नकोस — मान, मानायचा तर मान! ह्या फोनसाठी ह्यांनी ठाण्याला टेलिफोन ऑफिसात किती खेटे घातलेत ते तुला काय माहीत, तेव्हा तुझं लग्नही झालेलं नव्हतं. हे गेले, फोन राहिला, आणि आता वापरतं कोण? अख्खा जिना! तुझी आई कल्याणहून फोन करते ती नेमकी आमची पानं वाढल्यावर. तुझी नणंद बाळंत झाली तो निरोप कुणी आणला? मी. हात कणकेचे तसेच, धावत वर आलेले. एकच मजला आहे म्हणशील, पण गुडघे माझे ना? तरी कधी नाही म्हटलं? कध्धी नाही. शेजारी म्हणून करायचंच असतं. पण शेजारचा नंबर कुठं दिला तर पुढं पीपी लिहायचं असतं एवढी तरी अक्कल नको? लग्नपत्रिकेवर लिहितात, नोकरीच्या अर्जावर लिहितात, की बाबा, घर दुसऱ्याचं आहे, हे लोक बोलावून देतील. आणि तुझ्या आनंदनं कॅनडाच्या अर्जावर काय केलं? पीपी गाळलं! कॅनडावाल्यांना पीपी काय कळणार, म्हणे, उगाच गोंधळ नको. घरचा फोन म्हणून माझा नंबर दिला ठोकून. घरचा! कुणाच्या घरचा?

आणि तो अर्ज भरायला शिकवला कुणी त्याला? माझ्या सुधीरनं, ह्याच पलंगावर बसून. दोघं एमआयडीसीत एकाच कंपनीत केमिस्ट, एकच डिग्री, मग काय, सुधीरनं केलं की ह्यानं करायचं. पॉइंट कसे मोजतात, अनुभवाचं पत्र कसं मागायचं — सगळं सुधीरनं सांगितलं. मी थालीपिठं लावत होते आणि तुझा नवरा खात होता. आणि नकार कुणाला आला? सुधीरला. येणारच! एकाच नंबरावर दोन केमिस्ट म्हटल्यावर त्या साहेबाला संशय येणार नाही? सुधीर म्हणतो, आई तसं काही नाही, मुलाखतीत मीच गडबडलो, इंग्रजीत तोंडच उघडेना. काहीतरीच! शाळेत इंग्रजीचं बक्षीस मिळालेलं पोर ते, त्याचं तोंड उघडेना? तो आपला दुसऱ्याला बोल लावत नाही, स्वभाव आहे त्याचा. नोकरी मात्र सोडून बसला आधीच. कुणाचं ऐकून? माझं — म्हणजे मी आपलं म्हटलं, जाणारच आहेस तर त्या ॲसिडच्या वासात कशाला मरतोस. सत्यनारायण घातला, अख्ख्या बिल्डिंगला प्रसाद वाटला. आता जिन्यात जो तो विचारतो, काय सुधीर, केव्हा निघायचं? म्हणून तो जिनाच उतरत नाही. दाढी करत नाही. दूध आणायला मी जाते.

आणि तुमच्या बॅगा आल्या म्हणे. स्वेटर विणतेस ना, गुलाबी? फ्रिज हेमाताई मलाच देणार, असं भिवाची बायको खालच्या नळावर सांगत होती. मोलकरणीला फ्रिज ठरला, आणि मला साधं सांगवलं नाही तुला! परवा त्या दिल्लीच्या बाईशी बोलताना तर माझ्या डोक्यात अस्सं —

कुठली बाई? काही नाही. असते कोणीतरी, राँग नंबर. तू काय, शब्दात पकडतेस का मला? — बरं, आलेला. परवा सकाळी आलेला फोन दिल्लीहून, त्या कॅनडावाल्यांच्या ऑफिसातून. ओरडू नकोस! सांगते ना. मी एक अक्षर खोटं बोलले नाही, देवाशप्पथ. ती म्हणाली, आनंद टिपणीस यहाँ रहते हैं? म्हटलं, नहीं. राहतो का तो इथं? इथं मी राहते. ये उनका फोन है? नहीं, हमारा है. आहेच की माझा! तो कहाँ मिलेंगे? म्हटलं, मालूम नहीं. सकाळच्या वेळी तो कंपनीत होता की बाजारात, मला काय ठाऊक? मग काय गं, मी तुमच्यासाठी खोटं बोलायचं? ह्या वयात? वर म्हणते, एक बार और फोन करेंगे, नहीं तो फाईल बंद. करतीलच असं नाही गं, बोलायची पद्धत असते त्यांची. कधी म्हणजे — आज. आज दुपारी. मग बसलीयस ना तू इथं? वाजला का? नाही वाजला. त्यांनाच गरज नसेल तर मी काय करू?

कुठं उठलीस? अगं त्याला हात लावू नकोस, तो रुमाल मी कालच धुतलाय, फोनवर धूळ बसते म्हणून — हेमा! हेमा, सोड तो!

हो. काढून ठेवलाय रिसीव्हर. सकाळपासून. माझा फोन आहे, मी काढून ठेवीन नाहीतर विहिरीत टाकीन, कोण विचारणार मला? बघतेस काय अशी? रडायचं तर वर जाऊन रड, इथं नको. माझा मुलगा अंधार करून पडलाय आत, आणि मी तुम्हाला विमानात बसवायला मदत करू? माझ्याच फोनवरून? जीव जळतो माझा, कळतंय का तुला?

— सुधीर? तू कशाला उठलास? पड जा. काही नाही झालं, ही निघालीच आहे. रिसीव्हर जागेवर का ठेवतोस? राहू दे तसाच. ठेवू नकोस म्हणते ना मी! — अरे, बघतोस काय असा? तुझ्याचसाठी ना रे... काय? तू बोलणार? ह्यांच्यासाठी, त्या दिल्लीवाल्यांशी? इंग्रजीत? जमणार आहे का तु — तसं नव्हतं म्हणायचं मला. सुधीर, ऐक. हेमा, तू जा गं घरी. जा म्हणते ना, निघ.

काय म्हणालास? तिला नाही? मला? मला आत जा म्हणतोस?