झेनीसची नवी सव्वाशे

(काताल्युन्यातल्या बेर्गा गावाजवळच्या डोंगरातलं एक खेडं. रविवारी सकाळी झेनीसच्या अंगणात नव्या मोटरसायकलजवळ तो, त्याची बायको रेमेई आणि त्याचा थोरला भाऊ फेर्मी.)

फेर्मी : सव्वाशे सीसी? अरे, माझी पोरगी आइना चौदा वर्षांची होती तेव्हा सव्वाशे चालवायची!

झेनीस : माहितीये. तिला त्या गाडीवर उभं राहून चालवायला मीच शिकवलं.

फेर्मी : आणि तू चोपन्न वर्षांचा घोडा. माझी तीनशेची पडून आहे शेडमध्ये, ती न्यायचीस.

झेनीस : तुझी तीनशेची, त्याआधी तुझी अडीचशेची, त्याआधी ती निळी, शिव्या घातल्याशिवाय चालू न होणारी. जन्मभर तुझ्या उतरलेल्याच गाड्या चालवल्या मी. ही कोरी आहे. वजन सत्तर किलोसुद्धा नाही. आडवी झाली तर माझी मी उचलेन.

रेमेई : कालपासून फडकं घेऊन पुसतोय. लग्नात माझ्याकडेसुद्धा इतकं बघितलं नव्हतं यानं.

फेर्मी : बरं, घेतलीस. स्पर्धेत उतरणारेस या वयात?

झेनीस : छे. खेळायला. ओढ्यातले दगड आहेत ना मागे, तिथे. एकदा तरी पाय न टेकता माझा मी वर जाऊन बघायचंय.

फेर्मी : खेळ की! कोण नाही म्हणतंय? सोमवार ते शनिवार खेळ. रविवारी मात्र आइनाबरोबर जायचं. मार्चात दगड चढायच्या स्पर्धेची पहिली फेरी आहे तिची.

रेमेई : आलं! मी म्हटलंच होतं, हा नुसता पाव-टोमॅटो खायला आलेला नाही.

झेनीस : फेर्मी, फोनवर नाही म्हटलं होतं मी तुला.

फेर्मी : फोनवर माणूस काहीही म्हणतो.

झेनीस : मग आता तोंडावर म्हणतो. नाही. दमलो रे मी. सतरा वर्षं तुझ्याबरोबर, तीन तिच्याबरोबर. तुम्ही गाडीवरून कड्यावर चढायचं आणि मी खाली हात वर करून उभं राहायचं. उरलेले सेकंद ओरडून सांगायचे. गाडी उलटली की आधी माणूस झेलायचा, मग गाडी. खांद्यात दोन स्क्रू आहेत माझ्या. रात्री कूस बदलता येत नाही.

फेर्मी : तुझ्यासारखा झेलणारा अख्ख्या काताल्युन्यात नाही. कुणालाही विचार.

झेनीस : काय करायचंय कौतुक? तुझा पाय टेकला तर दंडाचा एक गुण, माझा हात लागला तर पाच. म्हणजे मी माझं काम केलं की तू हरलास. शेवटच्या फेरीत त्या काळ्या दगडावर तुला झेललं, तर चार महिने बोलला नाहीस माझ्याशी.

फेर्मी : चढलो असतो मी.

रेमेई : डोंबल चढला असतास! पाठीवर आला असतास. मी समोर उभी होते.

फेर्मी : ...आलो असतो. बरं.

रेमेई : ऐकलंस का झेनीस? पंधरा वर्षांनी कबूल केलं!

फेर्मी : जुनं उकरू नका. आइनाचं बोला. दुसरा भरवशाचा माणूस मिळत नाहीये.

झेनीस : तू आहेस की. तिची गाडी माझ्यापेक्षा तुला जास्त कळते.

फेर्मी : मला नाही जमत.

झेनीस : का? पाठ धरली?

फेर्मी : पाठीला काय धाड भरलीये? मागच्या महिन्यात तू दवाखान्यात गेला होतास ना, त्या दिवशी मी उभा राहिलो होतो तिच्या खाली. दीड पुरुष उंच दगड. तिनं गॅस दिला, पुढचं चाक उचललं, आणि माझे डोळे मिटले. गच्च. पोरगी वर पोचून विचारते, "बाबा, कसं झालं?" म्हटलं, झकास. मी काही बघितलंच नव्हतं.

रेमेई : अरे देवा.

फेर्मी : पडली असती म्हणजे? हात तसेच राहिले असते माझे. मला भीती वाटते, झेनीस. स्वतः चढताना कधी वाटली नाही. आता खाली उभं राहिलं की वाटते. हे आइनाला कसं सांगू?

झेनीस : माझेही डोळे मिटायचे.

फेर्मी : आइनाच्या वेळी?

झेनीस : तुझ्या वेळी. प्रत्येक मोठ्या कड्याला.

फेर्मी : थापा मारतोस. मग झेलायचास कसा?

झेनीस : इंजिनाच्या आवाजावरून. आवाज बिघडला की डोळे उघडायचे, तोवर हात गेलेले असायचे. तुझेही जातील. दोन-चार रविवार जाऊ देत.

फेर्मी : सतरा वर्षं? आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?

झेनीस : सांगितलं असतं, तर तू चढला असतास?